झाकण नसलेला वाडगा

“पुढच्या महिन्यापासून एकच पिशवी ना रे तुला?” व्हर्ना आँटीने विचारलं आणि फ्रीजचं दार कमरेने ढकलून लावलं. मी “हो” म्हणालो. कशाला हो म्हणालो ते मला कळलं नव्हतं. पण उभं आयुष्य कॅसिनोच्या टेबलामागे पत्ते वाटण्यात गेलेल्या माणसाला ही खोड लागते. समोर काहीही उलटं पडो, चेहरा हलू द्यायचा नाही, पुढचा पत्ता टाकायचा. आँटीने पोईच्या, आमच्या अळूकंदाच्या लगद्याच्या, दोन पिशव्या काउंटरवर ठेवल्या. दर गुरुवारी बेटांवरून विमानाने पोई येते आणि लास वेगासमधले आम्ही हवाईवाले या एवढ्याशा दुकानात, पंक्चरवाला आणि नखं रंगवणारी बाई यांच्या मधल्या गाळ्यात, ओळीने उभे राहतो. “नोहेआ सांगून गेली परवा,” आँटी म्हणाली. “म्हणाली, आम्ही गेल्यावर पापा एकटाच, दोन पिशव्या घेऊन काय करणार. शहाणी आहे हो तुझी पोर. टल्साला म्हणे बर्फ पडतं. डेक्स्टरचं काही नाही, त्याच्या अंगावर चरबी आहे भरपूर. पण नातीला जाड स्वेटर घेऊन दे तू. आजोबाचं कामच आहे ते.” मागे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याने कान टवकारले. “कोण चाललं टल्साला?” त्याने विचारलं. “माझी मुलगी,” मी म्हणालो. “जावयाला नोकरी लागली.” नोकरीचं मी अंदाजाने ठोकून दिलं. “अरेरे,” म्हातारा म्हणाला, “तिकडे पोई कुठली मिळायला.” आणि मान हलवत राहिला, जणू कुणी वारल्याचंच त्याला सांगितलं होतं.

गाडी उन्हात उभी होती. आत बसलो तर सीटचा चटका पाठीला बसला, तरी एसी लावायला हात पुढे होईना. पिशव्या मांडीवर होत्या, गार, ओलसर, तान्ह्या मुलाएवढ्या वजनाच्या. मला राग यायला हवा होता. नोहेआचा यायला हवा होता, की बापाच्या आधी दुकानदारणीला सांगते. पण खरं सांगायचं तर राग आला नाही, थकवा आला. रात्रपाळी करून आल्यावर पायांच्या पोटऱ्यांत येतो तसला. कारण आत कुठे तरी मला ठाऊक होतं की तिने सांगायचा प्रयत्न केला होता. मागच्या रविवारी केला होता, त्याच्या आदल्या रविवारीही. “पापा, जरा बोलायचं होतं,” असं ती म्हणाली होती, आणि मी नुसती हनुवटी उचलून टेबलाकडे दाखवलं होतं. टेबलावर वाडगा होता. वाडगा उघडा होता. मग ती गप्प बसली, डेक्स्टरने तिच्याकडे पाहिलं, तिने डेक्स्टरकडे पाहिलं, आणि मी लाउलाउची पानं सोडवत बसलो. अळूच्या पानांत वाफवलेलं डुकराचं मांस चांगलं शिजलं असलं की पानं आपोआप सुटतात, त्यात एवढं लक्ष घालण्यासारखं काही नसतं. मी मात्र घड्याळ दुरुस्त करणाऱ्यासारखा वाकून बसलो होतो.

आमच्यात असं आहे: पोईचा वाडगा उघडा असेल तोवर भांडायचं नाही. वाईट बातमी सांगायची नाही, उणंदुणं काढायचं नाही, कुणाला रडवायचं नाही. पोई म्हणजे अळूचे कंद, उकडून, कुटून, पाण्याने सारखे केलेले. आणि अळू आमचा थोरला भाऊ. आकाशाच्या मुलीला पहिलं मूल झालं ते जन्मतःच मेलं, ते जिथे पुरलं तिथे अळू उगवला. दुसरं मूल झालं ते माणूस. म्हणून थोरला जेवायला घालतो आणि धाकट्याने त्याच्यासमोर आवाज चढवायचा नाही. लहानपणी मला हे फार खरं वाटायचं. वाडग्यात ती राखाडी-जांभळी, चकाकती पोई दिसली की मला वाटायचं कुणी तरी डोळे मिटून ऐकतंय. माझी आई आणि आत्या सकाळभर ओढ्यावर एकमेकींच्या झिंज्या उपटायच्या गोष्टी करायच्या आणि दुपारी त्याच वाडग्यात दोघींची बोटं गुण्यागोविंदाने बुडायची. कडेला लागलेली पोई बोटाने पुसून आत ओढायची, कड बरबटलेली ठेवायची नाही, हेही तेव्हाच शिकलो. जेवण झालं की बाबा वाडग्यावर त्याचं लाकडी झाकण ठेवायचा. झाकणाचा ठक्‌ असा आवाज झाला की आम्ही मुलं बाहेर पळायचो, कारण आता आत्या सुरू होणार.

हा वाडगा तोच. माउई बेटावरच्या केआनेतल्या आमच्या घरातला, माझ्या पणजोबाने मिलोच्या लाकडातून कोरलेला. वेगासच्या कोरड्या हवेने त्याला पहिल्याच उन्हाळ्यात तडा पाडला. कॅसिनोतल्या सुताराकडून मी त्याला फुलपाखराच्या आकाराची लाकडी पाचर बसवून घेतली, आमच्याकडे घालतात तशी. सुतार म्हणाला, आतल्या बाजूने चिकटवून देतो, दिसणार नाही. मी म्हणालो, दिसू दे. तेव्हापासून दर आठवड्याला तेल चोळतो आणि रिकामा असताना ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो. माझी बायको लोरेन हसायची. “माझ्या गुडघ्यांना कधी चोळलंस का रे एवढं?” म्हणायची. मी म्हणायचो, तुझ्या गुडघ्यांना कुठे तडा गेलाय. मग ती फडकं माझ्या तोंडावर मारायची. लोरेनला जाऊन आता चार वर्षं झाली. फडकं तेच आहे.

झाकण मात्र आलं नाही. मी केआने सोडलं ती गोष्ट मी कुणाला फारशी सांगत नाही, कारण सांगण्यासारखं तीत काही घडलंच नाही. शेतात पाणी कमी झालं होतं, भावाचं आणि माझं पोट एका शेतावर भरेना, लोरेनच्या मांडीवर नोहेआ होती आणि लोरेनचा चुलतभाऊ फोनवर रोज सांगायचा की इकडे ये, कॅसिनोत बोटं चालणारा माणूस हवाच असतो, घर मिळतं, अंगण मिळतं. आठवडाभर मी बाबाला सांगायचं ठरवत होतो. पण आमचा बाबा सांगायला सापडायचा तो जेवतानाच. बाकी वेळ तो गुडघाभर चिखलात, पाठमोरा. त्या संध्याकाळी मी ठरवूनच बसलो की आज जेवण झालं, झाकण ठक्‌ वाजलं, की सांगायचं. जेवण झालं. बाबाने झाकण ठेवलं नाही. हात धुऊन आला, पुन्हा वाडग्यासमोर बसला. आई भांडी घासून आली, भाऊ क्लिफर्ड झोपायला गेला, पाल भिंतीवरून दिव्यापाशी आली, आणि बाबा बसलेला. पोईवर साय धरायला लागली होती. तिच्यात मधूनच बोटाने थोडं पाणी फिरवायचा आणि माझ्याकडे न बघता म्हणायचा, “खा अजून. आहे पुष्कळ.” मी खात राहिलो. पोट फुटेस्तोवर खाल्लं. आमचं तेवढंच बोलणं झालं. सकाळी माझ्या बॅगेशेजारी टॉवेलात गुंडाळलेला वाडगा ठेवलेला होता आणि बाबा उजाडायच्या आतच शेतात गेला होता.

कितीतरी वर्षं मी याचा अर्थ आशीर्वाद असा लावला. लोकांना सांगायचो, बाबाने घराचा वाडगा मला दिला, क्लिफर्डला नाही. झाकण विसरलं असेल असं म्हणायचो. बाबा गेला तेव्हा केआनेला गेलो तर झाकण स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेलं होतं, मधोमध भोक पाडून. नीट टांगलेलं. विसरलेल्या वस्तूला कुणी भोक पाडत नाही. क्लिफर्ड म्हणाला, “पाहिजे तर ने.” पण त्याच्या बायकोने टेबलावर प्लास्टिकच्या भांड्यात पोई ठेवली होती, उघडी, आणि मला जे विचारायचं होतं ते विचारता आलं नाही. घरी येऊन लोरेनला म्हणालो, “बाबाने झाकण का ठेवून घेतलं असेल गं?” ती म्हणाली, “तू इकडे येऊन भांडू नयेस म्हणून. मग काय, देवाने मला हात दिलेत.”

ते हाताचं असं होतं. झाकण नाही म्हटल्यावर आमच्या घरात रीतीने कुणालाच कधी बोलता आलं नसतं, कारण इथे वाडगा रविवारी दुपारी उघडला की माणसं उठेस्तोवर उघडाच. लोरेनने त्यावर तोड काढली. मला झापायचं असलं की ती उजव्या हाताचा तळवा वाडग्यावर उताणा नव्हे, पालथा, आडवा ठेवायची. वाडगा काही एवढा लहान नाही, तिचा हात काही एवढा मोठा नव्हता. दोन्ही बाजूंनी पोई दिसायची. पण तळवा ठेवला की झाकला, असं तिनेच ठरवून टाकलं होतं. मग सुरू. “पगाराच्या दिवशी कुठे होतास? पोरीच्या शाळेत मी एकटीनेच जायचं का? तुझ्या आईला फोन करायला बोटं झडली का तुझी?” यथासांग झापून झालं की हात उचलायची, कडेला लागलेली पोई पुसून तोंडात घालायची आणि म्हणायची, “घे, खा.” नोहेआ लहानपणी टेबलाखाली जाऊन बसायची आणि हात उचलल्याचा अंदाज घेत बाहेर यायची. मला तेव्हा वाटायचं ही बाई रीतीची थट्टा करते. ती वायआनाएची, दुसऱ्या बेटावरची, तिच्यात पोर्तुगीज रक्तही होतं, आमच्यासारखी अळूच्या चिखलात वाढलेली नव्हती. शेवटच्या आजारात तिचे हात सुजले होते. तेव्हाही तिने एकदा हात ठेवला, पण काही बोलली नाही. नुसता ठेवून बसली, मग उचलला. तेव्हा मी तिला विचारलं नाही.

हातांवरून आठवलं. आमच्या धंद्यात टेबलावरून उठायची एक पद्धत असते. तासाभराने बदली येतो, मागून खांद्यावर थाप मारतो. थाप पडली की हातातला डाव संपवायचा, पत्ते नीट लावायचे, एक टाळी वाजवायची आणि दोन्ही तळवे उलटेसुलटे करून दाखवायचे. वर छतातल्या कॅमेऱ्याला दिसलं पाहिजे की या माणसाने काही लपवलेलं नाही. मग बाजूला व्हायचं. हे इतकं हाडीमासी खिळतं की बाथरूमचा नळ बंद केला तरी माझी टाळी वाजते. लोरेनला पुरलं त्या दिवशी पाद्र्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि शवपेटीसमोर मी टाळी वाजवून तळवे दाखवले. माझ्याबरोबर काम करणारे आले होते, त्यांच्यापैकी कुणीही हसलं नाही. नोहेआने फक्त माझे दोन्ही हात खाली ओढून आपल्या हातांत धरले.

शुक्रवारी आणि शनिवारी मी कामावर गेलो. शनिवारी माझ्या टेबलावर माउईचं एक जोडपं बसलं होतं, सुट्टीवर आलेलं. माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावरचं नाव वाचून नवरा खूश झाला. “वेंडेल काहूलू! अरे, कोणत्या शाळेचा तू?” आमच्यात हाच पहिला प्रश्न. मी शाळा सांगितली. मग कुणाचा कोण, कुठल्या आत्याची कुठली भाची, असं करत करत तो माझ्या मामाच्या सासुरवाडीपर्यंत जाऊन पोचला आणि त्याने त्या नादात वीसवर, एकवीसच्या वर गेलं की डाव बुडतो तिथे, आणखी पत्ता मागितला. बायकोने त्याला कोपराने ढोसलं. “परत कधी येणार घरी?” त्याने मला विचारलं. घरी म्हणजे तिकडे. मी हसलो. माझ्या मनात आलं, काइपोला, माझ्या नातीला, कुणी असं टल्सात विचारणारच नाही. कोणत्या शाळेची, कुणाची कोण. आणि विचारलं तर ती काय सांगेल? माझी शाळा वेगासची, आजोबा पत्ते वाटायचा. चार पिढ्यांची ओढाताण करून आम्ही एक वाडगा वाळवंटात आणून जगवला, तेल पाजून पाजून, आणि आता तो टेबलावर एका माणसापुढे एका पिशवीसाठी उघडायचा. मग आमच्या थोरल्या भावाने ऐकायचं तरी काय? माझं चावणं?

म्हणून रविवारी मी जे केलं ते शहाण्या माणसाचं नव्हतं, हे मला करतानाही कळत होतं. एरवी ती मंडळी आली, हातपाय धुतले, की मग मी वाडगा आणतो. त्या दिवशी सकाळी चर्चमधून आल्या आल्या पोई कालवली. गुरुवारची पोई रविवारी आंबते, छान आंबते, लोरेनला तशीच आवडायची. पाणी घालत घालत हाताने फिरवली, गुठळ्या मोडल्या, दोन बोटांवर उचलेल एवढी सैल केली आणि वाडगा टेबलाच्या मधोमध ठेवून दिला. उघडा. नोहेआ दारात पाऊल ठेवायच्या आधीच उघडा. म्हणजे बोलायला फटच ठेवायची नाही. बाबाने जेवणानंतर केलं ते मी जेवणाआधी केलं, एवढाच फरक. मग खुर्चीत बसून राहिलो. पंखा फिरत होता. पोईवर साय येऊ नये म्हणून मधून मधून बोट ओलं करून फिरवत होतो, आणि माझं बोट मला बाबाचं बोट दिसत होतं, तसंच सांध्यात वाकडं.

ती आली. डेक्स्टरने दारात चपला काढल्या, हातात आँटीच्या दुकानातला सॅल्मन आणि टोमॅटोचा डबा होता. काइपो धावत येऊन माझ्या मांडीवर आदळली. नोहेआने आत येऊन पहिल्यांदा टेबलाकडे पाहिलं. “एवढ्या लवकर काढलास वाडगा?” ती म्हणाली. “भूक लागली होती,” मी म्हणालो. “मग खाल्लं का नाहीस?” मी तिच्यासाठी खुर्ची ओढली. आम्ही बसलो, प्रार्थना झाली, बोटं बुडाली. डेक्स्टर बिचारा फिलिपिनो, हवाईतल्या वाइपाहूचा, भाताशिवाय त्याचं पान हलत नाही, पण आमच्याकडे बसून बसून पोई शिकला. तो सॅल्मनचं कौतुक करत होता, उन्हाचं बोलत होता, गाडीच्या एसीचं बोलत होता. मी म्हणालो, “एसी नीट करून घे.” लांबच्या प्रवासाला लागेल, असं तोंडावर आलं होतं, ते गिळलं.

“तूतू,” काइपो मला म्हणाली, आमच्यात आजोबाला तूतू म्हणतात, “टल्साला समुद्र आहे का?”

डेक्स्टरचा हात वाटीतच राहिला. “काइपो!” नोहेआ म्हणाली.

“काय? मी भांडले का? मी फक्त विचारलं.”

“इथे तरी कुठे आहे समुद्र?” मी म्हणालो. “जेव तू.”

“इथे नाही, पण इथे तू आहेस,” काइपो म्हणाली आणि बोट चाटायला लागली. तिने साखर मागितली. पोईवर साखर घालून खाणारी माझ्या घरातली ती पहिलीच. मी उठून साखरेची बरणी आणली, तिच्या वाटीत चमचाभर जास्तच घातली, आणि परत येऊन बसलो तेव्हा नोहेआचा हात वाडग्यावर होता.

उजवा हात, पालथा, आडवा. दोन्ही बाजूंनी पोई दिसत होती. मी त्या हाताकडे बघत राहिलो. नोहेआचे हात माझ्यावर गेलेत असं सगळे म्हणतात, लांब बोटांचे, पण तो ठेवण्याचा प्रकार, अंगठा कडेच्या बाहेर काढून, मनगट टेकवून, तो माझा नव्हता. टेबलाखालून बघून बघून शिकली असणार.  

“हात काढ,” मी म्हणालो.

“नाही काढणार.”

“वाडगा उघडा आहे.”

“झाकलाय मी,” ती म्हणाली. “पापा, मी मागच्या रविवारी बोलायला गेले तेव्हा उघडा, त्याच्या आधी उघडा, आज तर मी यायच्या आधीपासून उघडा. मी काय रस्त्यावर सांगायचं तुला? आँटीला मुद्दाम सांगितलं मी. म्हटलं, तिच्या तोंडाला झाकण नाही, ती तरी सांगेल.”

डेक्स्टर उठायला लागला. “मी काइपोला घेऊन बाहेर…” “बस तिथे,” नोहेआ म्हणाली. तो बसला. मला वाटलं, मी तिचं मनगट धरून हात उचलू शकतो. अगदी हलकेच. ती जोर करणार नाही, बापाशी कोण जोर करतं. हात उचलायचा, कड पुसायची, म्हणायचं, खा अजून, आहे पुष्कळ. मग ती खाईल. पोट फुटेस्तोवर खाईल, आणि महिन्याभराने ट्रक भरून निघेल, आणि पुढे कधी तरी म्हातारी होऊन कुठल्या तरी दुकानात पिशवी मांडीवर घेऊन बसेल, आणि विचार करत राहील की बापाला काय म्हणायचं होतं. मी फार थकलो होतो. खरं सांगतो, मी रागावलो नाही, शहाणपणही सुचलं नाही, मी फक्त एवढा थकलो होतो की आता चेहरा धरून ठेवणं होईना.

“बोल,” मी म्हणालो.

ती बोलली. डेक्स्टरला विमानं दुरुस्त करण्याची पक्की नोकरी मिळाली होती. तिथे घर घेता येणार होतं. इथे भाडं भरता भरता कंबर मोडली होती. काइपोचा दमा इथल्या धुळीने वाढला होता, हे मला माहीत नव्हतं. सगळं शहाण्यासारखं होतं आणि मला एकही शब्द नको होता. “तिकडे कोण आहे तुझं?” मी विचारलं. “एक तरी माणूस आहे का आपलं? मेलीस तर लाउलाउ कोण करेल? पोईचं काय करशील?”

“इथे कोण होतं तुझं, तू आलास तेव्हा? आणि मेल्यावर मला लाउलाउ लागणार आहे का?”

“मी पोटासाठी आलो!”

“मी काय हवा खायला चालले?”

“तुझी आई इथे पुरली आहे!” माझा आवाज चढला होता. काइपो टेबलाखाली गेली होती. “तिला कोण बघणार? मी? किती दिवस? माझे गुडघे गेले, नोहेआ, मी तासभर उभा राहिलो की पाय दगड होतात, मी दर रविवारी या लाकडाला तेल चोळतो, पोई कालवतो, कुणासाठी? माझ्यासाठी? मला तर धड आवडतही नाही आता, जळजळतं मला आंबट खाल्लं की!”

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. डेक्स्टर माझ्याकडे आ वासून बघत होता. नोहेआचा हात मात्र वाडग्यावरून हलला नाही.

“तू निघालास तेव्हा तुझा बाबा काय म्हणाला?” तिने विचारलं.

“काही नाही.”

“काहीच नाही?”

“वाडगा उघडा होता,” मी म्हणालो. “रात्रभर उघडा ठेवला त्याने. म्हणाला, खा अजून. मला वाटायचं, म्हणेल. एकदा तरी म्हणेल. मग काय राहिलो असतो मी? नसतो राहिलो. पण म्हणायला काय झालं होतं त्याला?”

“काय म्हणायला?”

पंखा फिरत होता. टेबलाखाली काइपो माझ्या पायाच्या अंगठ्याशी खेळत होती. मी तोंड उघडलं आणि मला बाबाची पाठ दिसली, चिखलात वाकलेली, आणि प्रथमच वाटलं की तो शेतात काम करत नव्हता त्या सकाळी. उजाडायच्या आत काय काम असतं.

“जाऊ नको,” मी म्हणालो.

“परत म्हण.”

“जाऊ नको, नोहेआ. मला सोडून जाऊ नको.”

तिचं तोंड लहानपणी व्हायचं तसं वेडंवाकडं झालं. ती रडली, आवाज न करता, हात वाडग्यावर तसाच. डेक्स्टरही रडला, त्याला रडायला काही लागत नाही. दुसऱ्या हाताने डोळे पुसत ती म्हणाली, “मम्मी गेल्यापासून तू कुणाला काही म्हणालाच नाहीस, पापा. मला वाटायला लागलं होतं, आम्ही असलो काय, नसलो काय.”

“म्हणजे राहतेस?”

“नाही,” ती म्हणाली. “जाणार आहे.”

मी मान हलवली. ते मला ठाऊकच होतं. तिने हात उचलला. तळव्याच्या कडेला पोई लागली होती. ती तिने चाटली, मग तर्जनीने वाडग्याची कड सगळीकडून पुसून पोई आत ओढली, सुताराने बसवलेल्या पाचरीपाशी थोडं थांबून, तिथे चीर असते म्हणून. मग उठून माझ्या मागे आली. काइपो टेबलाखालून डोकं बाहेर काढून विचारत होती, “झालं? झालं? आता उघडा?” आणि नोहेआने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझे हात आपोआप वर गेले. एक टाळी वाजली. मी दोन्ही तळवे उलटे केले, सुलटे केले, कुणाला दाखवत होतो कोण जाणे, छताकडे पाहून. काइपो खदखदून हसली. तिनेही टाळी वाजवून पोईने बरबटलेले दोन छोटे तळवे वर धरले.

“काय लपवलंस?” नोहेआने मागून विचारलं. हा प्रश्न ती लहानपणी रोज विचारायची, मी कामावरून आलो की.

“काही नाही,” मी म्हणालो, आणि या वेळी ते खरं होतं.